पान एकशे त्रेचाळीस

विश्वजितसर पुस्तकं वाचत नसत. ते पुस्तकांची प्रकाशनं करत, पुस्तक छातीशी धरून फोटो काढून घेत, आणि कुठल्याही पुस्तकावर पाऊण तास बोलायला सांगा, घोटभर पाणी न पिता बोलत. पण वाचायचं? छे! प्राचार्यानंच वाचत बसायचं तर सीएचबीची माणसं कशाला ठेवलीत?

सीएचबी म्हणजे तासावर राबणारे प्राध्यापक. शिकवलं तेवढे तास धरायचे, सुट्टी लागली की घरी बसायचं. अनुजा खराडे त्यातलीच. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली पोरगी, इंग्रजीची एम.ए., सेट पास, वय छत्तीस, आणि नऊ वर्षं एकाच कॉलेजात तासावर. दर जूनला सर म्हणायचे, "अनुजा, यंदा तुझी पर्मनंटची फाईल पुढं सरकवतोच बघ." फाईल काही जागची हलायची नाही. सर मात्र सरकायचे, या समितीवरून त्या समितीवर.

अनुजाची आई अंबूबाई पेठेत मिरची कुटायचा डंक चालवायची. मार्च उजाडला की अख्खी पेठ ब्याडगी आणि संकेश्वरीचे डबे घेऊन तिच्या दारात. तिखटाच्या खकाण्यात उभं राहून राहून बाईचे डोळे कायमचे लाल झाले होते आणि हात रात्री पाण्यात बुडवून झोपावं इतके भगभगायचे. दारावरची पाटी मात्र 'गणपतराव खराडे चटणी डंक' अशी. गणपतरावांनी हयातीत कधी मिरचीच्या देठाला हात लावला नव्हता. ते तालमीच्या कट्ट्यावर बसून फुटबॉलच्या मॅचची चर्चा करत, आणि त्यातच एक दिवस गेले. पाटी राहिली. पेठेत पाटी बदलायचा विचार कुणाच्या डोक्यात येत नाही.

तर अशा घरात ओडेसा ग्रँबी शिरली.

पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात अनुजाला तिचं आत्मचरित्र सापडलं. ओडेसा अमेरिकेतल्या अलाबामातली काळी बाई. आई पर्ल एका इस्पितळाच्या लाँड्रीत गोऱ्यांच्या चादरी उकळायची. लेकही सतराव्या वर्षी तिथंच लागली. पुढं तिनं तिथल्या बायकांचा संप केला, एकेचाळीस दिवसांचा. त्यापायी चौदा महिने तुरुंगात गेली. तुरुंगात वाचायला शिकली म्हणजे खऱ्या अर्थानं वाचायला, बाहेर येऊन शिकली, डॉक्टरेट मिळवली, प्रोफेसर झाली. मग नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी राहिली म्हणून विद्यापीठानं हाकललं. बाई नऊ वर्षं कोर्टात भांडली आणि त्याच विद्यापीठात, त्याच खोलीत परत येऊन बसली. निवडणूक दोनशे बारा मतांनी हरली होती, त्याचं तिला शेवटपर्यंत वाईट वाटायचं. नोकरी गेल्याचं तेवढं वाटलं नाही, असं तिनं स्वतःच लिहिलंय.

पुस्तकाचं नाव 'उकळतं पाणी'. अनुजानं ते मराठीत आणायला घेतलं ते कुणी सांगितलं म्हणून नव्हे. आईला कळावं म्हणून. रोज संध्याकाळी डंक बंद झाला की ती चार पानं वाचून दाखवायची, आणि अंबूबाई लसूण सोलत ऐकायची.

"थांब थांब," अंबूबाई मध्येच म्हणायची. "हे 'हातांचा दाह होत असे' म्हंजे काय? कोण बोलतंय असं? हात भगभगायचं म्हण की सरळ."

अनुजा खोडायची आणि 'भगभगायचे' लिहायची. असं चार वर्षं चाललं. अर्धं पुस्तक तरी अंबूबाईच्या तोंडून मराठीत आलं म्हणा ना.

परवानगीसाठी अनुजानं ओडेसाबाईंना मेल केला तेव्हा त्या ऐंशीच्या घरात होत्या. दोन दिवसांत उत्तर आलं. परवानगी आहे, पैसे नकोत, एक प्रत पाठव. आणि खाली एक ओळ होती, 'माझ्या आईबद्दल तुझी आई काय म्हणते ते मला कळव.' अनुजानं आईला विचारलं. अंबूबाईनं जरा विचार केला आणि म्हणाली, "तिला म्हणावं, तुझी आई माझ्याकडं आली असती तर मी तिला बसवून च्या पाजला असता, उभं न्हाई ठेवलं." अनुजानं ते कळवलं. ओडेसाबाईंचं उत्तर आलं, त्यात शब्द एकच होता, 'रडले.'

पुढच्या फेब्रुवारीत त्या वारल्या.

आणि इथं आमच्या विश्वजितसरांना जाग आली. त्या हयात असताना स्टाफरूममध्ये अनुजाची चेष्टाच चालायची. "आपल्या मॅडम निग्रो बायकांवर काम करतात," असं एक विद्वान चहा फुरकत म्हणायचा, आणि बाकीचे दात काढायचे. पण त्या गेल्या आणि इंग्रजी पेपरात अर्धं अर्धं पान मृत्युलेख आले. सरांनी फोटो बघितला, ठळक अक्षरं वाचली, एवढं बहुतेक वाचलं असावं, आणि अनुजाला केबिनमध्ये बोलावलं.

"या बाई मोठ्या होत्या असं दिसतंय. तू काहीतरी करत होतीस ना यांचं? आण इकडं. संस्थेच्या अमृतमहोत्सवात काढू. मी एकदा ओळ न् ओळ तपासतो. संस्थेच्या नावाचा प्रश्न आहे."

अनुजा नऊ वर्षं त्या माणसाला ओळखत होती. हस्तलिखित देण्याआधी तिनं नवव्या प्रकरणाच्या मधोमध, चालू परिच्छेदात, एक ओळ टाईप करून ठेवली. 'सर, इथपर्यंत वाचलं असेल तर इथं टिक करा.' बस. खोडी म्हणा, परीक्षा म्हणा. आपण सरांवर उगीच संशय घेतोय असं वाटून तिला त्या रात्री थोडी लाजसुद्धा वाटली होती. बघा, काय पण गुणी पोरगी!

तीन महिन्यांनी गठ्ठा परत आला. तिनं लावलेली पिन लावली तशीच होती, कागदाला साधी चुरगळ नव्हती.

"अप्रतिम," सर म्हणाले. "ओळ न् ओळ वाचली. दोन-तीन ठिकाणी तर डोळ्यांत पाणी आलं."

कुठल्या ठिकाणी, असं अनुजानं विचारलं नाही. विचारायचं धाडस नव्हतं आणि गरजही नव्हती. गठ्ठा सरांच्या शिपायानं लगेच तसाच छापखान्यात नेला.

छापखान्यातून पानांचं प्रूफ आलं ते अर्थात तिच्याकडंच. शुद्धलेखन बघणं हे प्राचार्यांचं काम नव्हे. तिनं पहिलं पान उलटलं. 'उकळतं पाणी. मूळ लेखिका : ओडेसा ग्रँबी. अनुवाद : प्राचार्य डॉ. विश्वजित घोरपडे.' तिचं नाव कुठं, म्हणून तिनं पुढं शोधलं. ऋणनिर्देशाच्या पानावर संस्थापक, अध्यक्ष, अध्यक्षांचे चिरंजीव सम्राटदादा, ग्रंथपाल आणि शिपाई यांच्या खाली सापडलं. 'टंकलेखन साहाय्य : कु. अनुजा खराडे.'

ती केबिनमध्ये गेली.

"सर, अनुवाद मी केलाय."

"नाही कोण म्हणतंय?" सर हसले. त्यांचं हसणं नेहमी तयार असायचं, सत्काराच्या नारळासारखं. "अगं, पण लोक नाव बघून पुस्तक घेतात. तुझं नाव घातलं तर घेणार कोण, तुमच्या डंकावरची गिऱ्हाइकं? आत तुझा उल्लेख आहे की सन्मानानं. आणि हे बघ, जूनमध्ये तुझी फाईल जाणार. त्यावर सही कुणाची आहे?"

अनुजा 'बरं सर' म्हणाली आणि बाहेर आली. जिन्यावर तिला स्वतःचीच इतकी किळस आली की तिनं बेसिनवर जाऊन दोनदा चूळ भरली. आता यातली गंमत बघा. ओडेसाबाईंच्या पुस्तकातलं नववं प्रकरण नेमकं हेच. काळ्यांच्या हक्कांच्या चळवळीच्या ऑफिसात बायका कॉफी करायच्या आणि टाईप करायच्या. ओडेसानं एका पुढाऱ्याला भाषण लिहून दिलं, त्या भाषणावर तो देशभर गाजला, त्याचं पुस्तक निघालं, आणि मागं आभारात छापलं होतं, 'टंकलेखन : मिस ग्रँबी.' सरांनी ते प्रकरण नुसतं चाळलं असतं तरी एवढी हुबेहूब चोरी करायला लाजले असते. की नसते?

घरी अंबूबाईनं ऐकलं आणि लसणाचं सूप बाजूला फेकलं.

"आयत्या बिळावर नागोबा! चल, मी येतो तुझ्यासंगं. मूठभर लवंगी घेतो आणि त्येच्या डोळ्यात घालतो. मग बघूया कुठं कुठं पाणी येतंय त्ये!"

"नको आई. नोकरी जाईल."

"कसली नोकरी? तासावरची?"

अनुजा प्रूफ घेऊन बसली. तीनशे चुका काढल्या असतील. आणि एकशे त्रेचाळिसाव्या पानावर तिची ती ओळ समोर आली. 'सर, इथपर्यंत वाचलं असेल तर इथं टिक करा.' छापील, झोकात, स्वल्पविरामासकट.

खोडायची म्हणून तिनं लाल पेन टेकवलं. ओळ खोडलीसुद्धा. मग तिला कसली तरी चीड आली, अगदी तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तिनं समासात नवी ओळ लिहिली.

'वाचणाऱ्या बाई, हे पुस्तक मराठीत मी आणलं, अनुजा अंबूबाई खराडे हिनं. इथपर्यंत आला असाल तर खाली पेन्सिलीनं एक रेघ मारा.'

छापखान्यातल्या बसाप्पांनी लाल अक्षरात होतं ते जसंच्या तसं टाईप करून टाकलं. ते जुळणी करायचे, वाचायचे नाहीत, आणि वाचतो असा त्यांनी कधी दावाही केला नव्हता. हजार प्रती छापून झाल्या.

आता डाव असा होता. कुणी एकानं जरी पान एकशे त्रेचाळीसपर्यंत वाचलं आणि बोभाटा झाला, तर अनुजाची नऊ वर्षं पाण्यात, जूनची फाईल कचऱ्यात. आणि कुणीच वाचलं नाही, तर नोकरी वाचली, पण चार वर्षांचं काम दुसऱ्याच्या नावावर कायमचं गेलं. दोन्हीकडून मरण तिचंच. तिला झोप लागेना.

प्रकाशन थाटात झालं. कॉलेजच्या दारात डिजिटल बोर्ड लागला. वर संस्थापक, खाली सम्राटदादा गॉगल लावून, शेजारी सर, आणि कोपऱ्यात ओडेसा ग्रँबी. बोर्डावरची ओडेसा बघून अनुजा जागीच थबकली. बाई गोरीपान! गालांवर गुलाबी झाक! ती तशीच बोर्डवाल्या कृष्णातच्या दुकानात गेली.

"मी सगळ्यांचंच उजळतो की मॅडम," कृष्णात म्हणाला. "हाताला सवय हाय. न्हाई उजळलं तर गिऱ्हाईक पैसं देत न्हाई. सम्राटदादांचं तर तीनदा उजळलंय."

सहाव्या प्रकरणात ओडेसाबाईंनी एका मासिकाच्या संपादकाला ऑफिसातून हाकलून दिलं होतं, का, तर त्यानं त्यांचा फोटो उजळून छापला होता. ते प्रकरण वाचलेला एकही माणूस त्या दिवशी व्यासपीठावर असता, तर त्यानं बोर्ड उतरवला असता. व्यासपीठावर नऊ जण होते. बोर्ड आठवडाभर दिमाखात उभा होता.

भाषणं झाली. सम्राटदादा म्हणाले, "ओडेसा मॅडम यांनी आफ्रिकेतल्या महिलांसाठी फार मोठं काम केलं." टाळ्या. एक समीक्षक म्हणाले, अनुवाद इतका प्रवाही आहे की मूळ पुस्तक मराठीतच लिहिलं असावं असं वाटतं. टाळ्या. सर उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हा अनुवाद करताना रात्र रात्र मी या माउलीशी बोललो." मागच्या रांगेत अंबूबाई बसली होती. ती एवढ्या मोठ्यांदा खाकरली की स्वयंसेवक पाणी घेऊन धावला.

आणि मग काही म्हणजे काही झालं नाही.

पहिला महिना अनुजा फोन वाजला की दचकायची. पेपरात परीक्षण आलं, तिनं उभ्या उभ्या वाचलं. परीक्षणवाल्यानं सगळी प्रस्तावना उतरवून काढली होती आणि शेवटी 'प्रत्येकाच्या संग्रही असावं' असं म्हटलं होतं. संग्रही, हं. वाचावं असं त्यालाही सुचलं नव्हतं. मग एका साहित्य संस्थेचा अनुवादाचा पुरस्कार मिळाला. तीन परीक्षक, तिघंही एकमतानं. सरांना शाल मिळाली, मानपत्र मिळालं. कॉलेजच्या लायब्ररीत तीस प्रती होत्या. अनुजा अधूनमधून जाऊन एकशे त्रेचाळिसावं पान उघडून बघायची. पानं एकमेकांना चिकटलेली असायची, नव्या वहीसारखी.

हळूहळू तिची भीती गेली आणि तिच्या जागी वाट बघणं आलं. हे तिला स्वतःला पटत नव्हतं, पण खरं होतं. कुणीतरी वाचावं. नोकरी गेली तर गेली, पण अख्ख्या महाराष्ट्रात एका तरी माणसानं एकशे त्रेचाळीस पानं वाचावीत! सगळी कॉलेजं, सगळी विद्यापीठं, समित्या, परीक्षक, शाली, सगळा नुसता भुसा. वर पोतं भरलेलं, आत दाणा नाही. तिला त्या सगळ्यांचा मनापासून तिटकारा आला, आणि त्यांच्यात पर्मनंट व्हायला आपण एवढी वर्षं धडपडतोय, याचा त्याहून जास्त. जून आला, गेला. फाईल सरकली नाही.

प्रकाशनाला एकोणीस महिने झाले तेव्हा आजऱ्याहून पत्र आलं. काजूच्या कारखान्यातल्या बायकांचं एक वाचनमंडळ होतं, त्यांनी 'उकळतं पाणी'वर कार्यक्रम ठेवला होता, अनुवादकानं यावं अशी विनंती होती.

"आजऱ्याला?" सर म्हणाले. "काजू फोडणाऱ्या बायकांपुढं? तू जाऊन ये. माझ्या वतीनं दोन शब्द बोल. आणि फोटो काढ बरं का, नॅकची तपासणी कमिटी येतीय, ग्रामीण महिलांसाठीचे उपक्रम दाखवावे लागतात. बॅनर दिसला पाहिजे. फोटो स्टाफच्या ग्रुपवर टाक, लगेच."

अनुजा बॅनरची गुंडाळी काखोटीला मारून एसटीनं गेली.

कारखान्याच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये सतरंजी घातली होती. जेमतेम अकरा बायका. काजूच्या टरफलाच्या तेलानं सगळ्यांची बोटं काळी पडलेली आणि सालं निघालेली. मंडळाची सूत्रं वर्षाराणी नावाच्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीकडं. बारावी झालेली तीच काय ती. तिनं सांगितलं, दुपारी जेवायच्या सुट्टीत ती मोठ्यांदा वाचते, बाकीच्या ऐकतात. तालुक्याच्या ग्रंथालयात हे पुस्तक गठ्ठ्यात आलं होतं, कुणी नेत नव्हतं, म्हणून हिनं नेलं.

बॅनर बांधून झाला. वर्षाराणी उठली.

"आज आपल्याकडं कोल्हापूरच्या पाहुण्या आल्यात. मॅडम, तुमचं नाव काय म्हणालासा?"

"अनुजा खराडे. प्राचार्यांच्या वतीनं आलेय."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. अनुजाला वाटलं, सर न आल्यामुळं यांचा हिरमोड झाला. ती दिलगिरी व्यक्त करायला तोंड उघडणार, तेवढ्यात पुढं बसलेली सगळ्यांत वयस्क बाई, धोंडुबाई तिचं नाव, पुढं सरकली आणि तिनं विचारलं,

"तुमच्या आईचं नाव काय वं?"

आपल्याकडं परक्या बाईला गाव विचारतात, आडनाव विचारतात, कुणाच्यातली म्हणतात, मालक काय करतात म्हणतात. आईचं नाव कुणी विचारत नाही. अनुजाला ते आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं.

"अंबूबाई," ती म्हणाली.

"आगं बया!" धोंडुबाई ओरडली. "आली की गं! वर्षे, आण त्ये पुस्तक!"

एकच गलका झाला. वर्षाराणीनं पुस्तक आणलं, खाकी कव्हर घातलेलं, वापरून वापरून पार लठ्ठ झालेलं. एकशे त्रेचाळिसावं पान आपोआप उघडलं. तिच्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघा मारलेल्या होत्या, एकाखाली एक. काही सरळ, काही वाकड्या, आणि खाली जागा पुरली नाही म्हणून चार समासात उभ्या. अनुजानं मोजल्या. अकरा. शेवटच्या दोन पेन्सिलीच्या नव्हत्याच, काळ्या अंगठ्याच्या होत्या.

"ह्या दोघींला पेन्सिल धरता येत न्हाई," धोंडुबाई म्हणाली. "पर ऐकलंय सगळं. एक शब्द न्हाई सोडला. म्हटलं, एवढं काकुळतीनं इचारतीया बाई, तर हुंकार नको द्यायला?"

अनुजा त्या पानाकडं बघत राहिली. तिला रडू आलं, आणि ते तिनं लपवलं नाही. एकोणीस महिने ती ज्या माणसाची वाट बघत होती, ते माणूस अकरा जणींचं निघालं. आणि हे जिला कळवायला हवं होतं, ती अलाबामातली म्हातारी आता नव्हती.

"मग ह्यो कव्हरावरचा बाबा कोण?" मागून एकीनं विचारलं. "प्राचार्य का कोण?"

अनुजा सांगायला गेली, पण धोंडुबाईनं तिला बोलूच दिलं नाही.

"असंल कोण तरी. टायपिंग केलं असंल त्येनं!"

शेड हसून हसून दणाणली. अनुजाही हसली, पदरानं डोळे पुसत हसली, पोट दुखेपर्यंत हसली. इतक्या वर्षांत स्टाफरूममध्ये ती एकदाही अशी हसली नव्हती.

मग त्यांनी तिला पर्लच्या हातांबद्दल विचारलं. लाँड्रीतल्या सोड्यानं सालं निघायची म्हणजे नेमकी कुठं, तळव्याला की बोटांना? संपाच्या एकेचाळीस दिवसांत घरी चूल कशी पेटायची? दोनशे बारा मतं कुणी खाल्ली? एकीचं म्हणणं पडलं, त्या ओडेसानं कोर्टात नऊ वर्षं घालवली ते चुकलं. दुसरी तिच्यावर तुटून पडली. अशी चर्चा अनुजानं कुठल्या सेमिनारात ऐकली नव्हती. सेमिनारात कुणी भांडत नाही, कारण कुणी वाचलेलंच नसतं.

पाचच्या सुमाराला सरांचा फोन आला.

"अगं, फोटो कुठाय? कमिटी परवा येतीय. बॅनर दिसू दे नीट. ग्रुपवर टाक, लगेच टाक."

"टाकते सर," अनुजा म्हणाली.

तिनं फोनवर ग्रुप उघडला. ग्रुपवर चोपन्न माणसं. सर, उपप्राचार्य, आणि संस्थेच्या वतीनं सम्राटदादासुद्धा. एकदा टाकलं की तासाची नोकरीही गेली, फाईलही गेली. अमक्या कॉलेजातल्या मॅडम, हेसुद्धा गेलं. मग काय राहतं? डंक राहतो. आणि अंबूबाई म्हणते तसं, गेली ती तरी कसली नोकरी?

"मावशी," ती धोंडुबाईंना म्हणाली, "हे पान जरा असं उघडून धरा. बॅनरपुढं. सरांचा हुकूम आहे, बॅनर दिसला पाहिजे."

धोंडुबाईनं पान धरलं. काळं बोट, छापील ओळ, अकरा रेघा, आणि मागं बॅनरवर सरांचं नाव. फोटो असा स्वच्छ आला की अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. अनुजानं तो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'उकळतं पाणी, पान १४३.'

बायका फोनभोवती गोळा झाल्या. फोटो कुणी कुणी बघितला, त्यांची यादी अनुजानं उघडून दाखवली. आधी लायब्ररियन. मग हिंदीच्या मॅडम. मग एकदम सात-आठ जण, बहुधा स्टाफरूममध्ये एकमेकांना कोपरं मारत. पाच वाजून बारा मिनिटांनी यादीत सरांचं नाव आलं. दुसऱ्याच मिनिटाला फोन वाजायला लागला. वाजत राहिला. अनुजानं तो सतरंजीवर पालथा घातला.

"मावशी, पेन्सिल द्या," ती म्हणाली. "बारावी रेघ मारूया. सरांनी वाचलं एकदाचं."

धोंडुबाईनं पुस्तक चटकन मिटलं आणि मांडीखाली घातलं.

"अजाबात न्हाई! त्येनं कुठं वाचलंय इथपतुर? त्येनं हे एकच पान बघितलंय, त्ये बी फुकटात. त्येला म्हणावं, पान एकपासनं ये."